पीक गेलं, वर दंडही? भाजीच्या कराराबद्दल वाचकांचे प्रश्न

२०२५ चा पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला आणि त्याआधीचा आठवडाही कोरडा गेला नव्हता. उन्हाळी भाजी तेव्हा ऐन तोड्यावर होती. या सदराकडे त्यानंतर आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त पत्रं भाजीच्या करारांची आहेत. पेस्ट, लोणची, गोठवलेली भाजी करणाऱ्या कंपन्यांना करार लिहून दिलेले, आणि पीक गेल्यावर वसुलीची चिठ्ठी हातात आलेली. मी चिपळूणला वकिली करते. माहेरचा भाजीचा मळा आहे, त्यामुळे या कागदांइतकीच त्यामागची मेहनतही ओळखीची आहे. पत्र पाठवणाऱ्यांची आणि कंपन्यांची नावं गाळून काही प्रश्नांची उत्तरं देते.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. भात निघाल्यावर एक एकरात हिरवी मिरची लावली. मिरचीची पेस्ट करणाऱ्या कंपनीशी करार आहे. किलोला २६ रुपये, एकूण चार टन. रोपं, खत आणि मल्चिंगचा कागद कंपनीने दिला, त्याचे १८ हजार बिलातून वळते करायचे. एप्रिलपासून तोडे चालू होते. मेच्या पावसात शेतात तीन दिवस पाणी राहिलं आणि झाडं उभ्याउभ्या माना टाकायला लागली. आजवर १,४०० किलो मिरची दिली. कंपनीचा फील्डवाला म्हणतो, राहिलेल्या २,६०० किलोवर किलोला दहा रुपयांप्रमाणे दंड लागेल आणि तो मागच्या बिलातूनच कापू. बांधाकडच्या उंच वाफ्यांत अजून दीडशे किलो मिरची निघेल. बाजारात साठाचा भाव आहे. करार तर बुडालाच, मग ती बाहेर विकली तर चालेल ना? — एक शेतकरी, ता. गुहागर

उत्तर : दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण मिरची थांबणार नाही. ती दीडशे किलो बाहेर विकू नका. कंपनीला लेखी कळवा की एवढा माल निघतो आहे, अमुक दिवशी गाडी पाठवा. त्यांनी नाही म्हटलं, किंवा त्या दिवशी गाडी आली नाही, तर खुशाल विका आणि विक्रीची पावती जपून ठेवा. बाहेर विकून पाच हजार जास्त मिळतील हे मला कळतं, आणि घरात पैशाची चणचण असताना ते सोडा म्हणून सांगणं मला जड जातं. पण त्या पाच हजारांपायी २६ हजारांच्या दंडाविरुद्धचा तुमचा बचाव ढिला होतो. कंपनी म्हणेल, यांनी पावसाचं नाव पुढे केलं आणि माल दुसरीकडे घातला. नेमकं हेच इंग्लंडमध्ये १९७२ च्या एका खटल्यात घडलं. शेतकऱ्याने आपल्या शेतावरची २७५ टन बार्ली विकायचा करार केला होता, पीक आलं १४० टन. भाव चढले होते म्हणून त्याने ती १४० टनही दुसऱ्याला विकली. न्यायालयाने सांगितलं की न पिकलेल्या बार्लीबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही, पण जी पिकली ती आधी करारवाल्याला द्यायला हवी होती. त्या १४० टनांची भरपाई त्याच्यावर बसली.

आता दंडाकडे येऊ. तुम्ही कराराचे फोटो पाठवलेत म्हणून नेमकं बोलता येतं आहे. तुमचा करार छापील आहे, पण शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात कुणीतरी निळ्या शाईने तुमचा गट नंबर आणि पुढे ‘१ एकर’ असं लिहिलं आहे. आणि चौथ्या कलमात म्हटलं आहे की परिशिष्टातल्या जमिनीवर पिकलेली सगळी मिरची शेतकरी कंपनीलाच देईल. दादा, हाताने लिहिलेला तो गट नंबर या सगळ्या कागदात तुमच्या सर्वांत कामाचा आहे. त्यामुळे तुम्ही विकलंत ते त्या एका शेताचं पीक. करारात नुसतं ‘चार टन हिरवी मिरची पुरवीन’ एवढंच असतं, तर कंपनी म्हणू शकली असती की तुमच्या शेतात नाही तर बाजारातून विकत घ्या आणि चार टन भरा. मिरची कोल्हापुरातून आणता येते, बेळगावातून आणता येते. माल अमुक शेतातलाच हवा असं कुठेही लिहिलेलं नसेल, तर एका शेतातलं पीक बुडाल्याने करार अशक्य झाला असं म्हणायला फारशी जागा राहत नाही.

हा फरक दीडशे वर्षं जुना आहे. १८७६ साली इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या खटल्याचा निकाल लागला होता. व्हॅपलोड गावच्या आपल्या जमिनीतले २०० टन बटाटे त्याने विकले होते आणि पुरतील एवढी लागवडही केली होती. करपा आला आणि हाती जेमतेम ८० टन लागले. तेवढे त्याने दिले. उरलेल्यांसाठी खरेदीदार न्यायालयात गेला आणि हरला, कारण करार त्या ठरावीक जमिनीतल्या बटाट्यांचा होता आणि करपा आणणं किंवा रोखणं शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. इंग्लंडचे निकाल आपल्याला बांधील नाहीत. पण आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ हेच तत्त्व सांगतं: करार झाल्यावर कुणाचा दोष नसताना ठरलेली गोष्ट करणं अशक्य झालं, तर तो करार पाळण्याची सक्ती उरत नाही. ‘अशक्य’ म्हणजे शब्दशः अशक्य असा अर्थ घ्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर या प्रकरणात फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे. मात्र नुसता खर्च वाढला, मजुरी परवडेना, बाजारभाव चढला, ही कारणं त्यात बसत नाहीत.

एक अडचण सांगायलाच हवी. करारातच पाऊस, पूर, रोग यांबद्दल कलम असेल तर कलम ५६ च्या आधी ते कलम लागू होतं. काही कंपन्या सरळ लिहून घेतात की नैसर्गिक आपत्तीतही जबाबदारी शेतकऱ्याचीच. तुमच्या करारात तसं नाही. आपत्तीचं कलम आहे, आणि त्यात ‘अतिवृष्टी’ हा शब्द आहे. पण त्याच कलमात घटनेपासून सात दिवसांत लेखी कळवण्याची अटही आहे. फील्डवाल्याने शेत पाहिलं, त्याला सगळं माहीत आहे, यावर थांबू नका. तो उद्या नोकरी सोडेल, किंवा मी पाहिलंच नाही म्हणेल. तुमच्या पत्रावरून दिवस अजून उलटलेले नाहीत असं दिसतं, म्हणून आजच्या आज कंपनीच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने आणि फोनवरच्या मेसेजनेही कळवा. भाषा साधी ठेवा: ‘दिनांक अमुक ते अमुक झालेल्या अतिवृष्टीमुळे करारातील गट क्रमांक अमुकमधील मिरचीच्या पिकात पाणी साचून सुमारे इतके गुंठे पीक मेले आहे. आजपर्यंत १,४०० किलो माल दिला आहे. पुढे अंदाजे १५० किलो निघेल, तो घेऊन जावा. आपला प्रतिनिधी पाठवून पाहणी करावी. अमुक दिवसानंतर मेलेली झाडे काढून भाताची तयारी करणार आहोत.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. शेत नांगरून झाल्यावर दाखवायला काही शिल्लक राहत नाही.

पावसाचा पुरावा वेगळा जमवायचा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ते सिद्ध करायला कुणाला कागद शोधावा लागला नाही. तुमच्या वाडीतला पाऊस मात्र सिद्ध करावा लागेल. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. मंडळातल्या हवामान केंद्राचा तो आकडा तालुका कृषी कार्यालयातून लेखी मागा. तलाठी आणि कृषी सहाय्यक यांना पंचनाम्यासाठी अर्ज द्या आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळू शकते. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत बागायतीला हेक्टरी १७ हजार रुपये आहेत, म्हणजे तुमच्या एकराला सात हजारांच्याही आत. पैसे थोडे आहेत, पण नुकसान सरकारी माणसाने पाहिलं असं सांगणारा तो पंचनामा पुढे कंपनीसमोरही कामाला येतो.

कंपनी एक मुद्दा उचलेल, त्याची तयारी ठेवा. मिरची पाण्याने मेली की आधीच मर लागली होती आणि तुम्ही औषध टाकलं नाही? फवारणीची वही असेल तर ती, नसेल तर औषधांची बिलं काढून ठेवा. पाण्याचा निचरा करायला चर काढले होते का, त्याचे फोटो आहेत का, तेही पाहा. ‘कुणाचा दोष नसताना’ या शब्दांवर सगळं अडतं.

आता हिशेब. १,४०० किलोचे २६ रुपयांनी ३६,४०० होतात. कंपनी त्यातून १८ हजार उचल आणि २६ हजार दंड वजा करून तुमच्याकडेच ७,६०० रुपये बाकी काढते आहे. १८ हजारांबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. करार अशक्य झाला तरी त्यापोटी घेतलेला फायदा परत करावा लागतो, असं कलम ६५ सांगतं. रोपं आणि खत तुम्ही वापरलं आहे, त्यामुळे उचल बहुधा वळती होईल. दंडाचं तसं नाही. करारात आकडा लिहिला म्हणून तो तसाच्या तसा वसूल होत नाही. कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही तिची फक्त वरची मर्यादा, आणि मुळात तुमच्याकडून कराराचा भंग झालेला असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात हे पुन्हा बजावलं आहे. म्हणून माझ्या हिशेबाने तुम्हाला १८,४०० रुपये येणं आहे, वर नव्या दीडशे किलोचे ३,९००. दंडाची कपात मान्य नाही, असं त्याच पत्रात लिहा. कोऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीवर ‘हिशेब चुकता’ म्हणून सही मागितली तर करू नका.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटाने भेंडीचा करार केला. तोडा दिवसाआड. कंपनीची गाडी सकाळी येते, तीन ते चार इंच लांबीचीच भेंडी घेते. मेमध्ये सलग तीन तोडे गाडीच आली नाही. विचारलं तर म्हणाले, कारखान्यात माल जास्त झाला आहे, थांबा. चौथ्या तोड्याला आली आणि भेंडी जून झाली म्हणून सगळा माल नाकारला. आता म्हणतात, माल दर्जाचा नव्हता, त्यामुळे नुकसान तुमचं. आम्ही बायकांनी पहाटे उठून तोडलेली भेंडी गुरांपुढे टाकली. — बचत गटाच्या एक सदस्य, ता. म्हसळा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला संताप आला आणि तो लपवायचं कारण नाही. भेंडी कोवळी आहे की जून, हे कुठलीही तोडणारी बाई शेंडा अंगठ्याने दाबून सांगते. कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. मेच्या उकाड्यात दोन दिवसांत ती या टोकाची त्या टोकाला जाते. हे कंपनीला ठाऊक आहे, म्हणूनच तिने दिवसाआड तोड्याची अट घातली. मग गाडी न पाठवण्याचा परिणाम काय होणार हेही तिला ठाऊक होतं.

हे नुकसान कायद्याने तुमचं नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४४ असं आहे की, विक्रेता माल द्यायला तयार आहे, त्याने घेऊन जा असं सांगितलं आहे, आणि खरेदीदाराने वाजवी वेळेत माल उचलला नाही, तर त्यातून होणाऱ्या नुकसानीला खरेदीदार जबाबदार. कलम २६ ची पुरवणी याच अर्थाची आहे: ज्याच्या चुकीमुळे माल देण्याघेण्याला उशीर झाला, त्या उशिराने होणाऱ्या नुकसानीची जोखीम त्याच्या माथी. आणि समोरच्याने आवश्यक ती सोय केली नाही म्हणून काम अडलं, तर काम करणाऱ्याला दोष देता येत नाही, हे करार कायद्याचं कलम ६७.

या सगळ्यात तुमच्या बाजूने एक गोष्ट दिसायला हवी, ती म्हणजे तुम्ही गाडी मागितलीत. फील्डवाल्याला केलेले फोन, ‘थांबा’ असं त्याचं उत्तर आलेला मेसेज, हे जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, बिघडला तरी टाकू नका. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. गुरांपुढे टाकलेल्या भेंडीचं वजन झालं नसेल, तर आधीच्या तोड्यांच्या वजनपावत्यांवरून सरासरी काढा. ती सरासरी गुणिले तीन तोडे गुणिले करारातला दर, एवढी मागणी करा. फुगवून मागू नका.

पुढच्या वेळी गाडी आली नाही तर दुपारपर्यंत मेसेज टाका की संध्याकाळपर्यंत माल न उचलल्यास तो स्थानिक बाजारात विकू, आणि खरंच विका. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला नाशवंत माल विकून टाकायची मुभा मालविक्री कायद्याच्या कलम ५४ मध्ये आहे. शिवाय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे आपलं नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केलं, हेही भरपाई ठरवताना पाहिलं जातं. महाड, माणगावच्या बाजारात कमी भाव मिळाला, तर करारातला दर आणि तो भाव यांतला फरक कंपनीकडे मागता येतो.

तुमच्या करारात आणखी एक कलम आहे, ते गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ‘वीजपुरवठा खंडित होणे, यंत्र बिघाड, संप, साठवण क्षमता भरणे’ यांपैकी काहीही झालं तर कंपनी जबाबदार नाही. तुमच्या बाजूला मात्र फक्त ‘पूर आणि वादळ’. कारखान्याची क्षमता भरणं ही आपत्ती कशी? किती गटांशी किती क्षेत्राचे करार करायचे हे कंपनीनेच ठरवलं होतं. अमेरिकेत मटार आणि मधुमका डबाबंद करणाऱ्या कारखान्यांसमोर हाच पेच असतो: सगळी शेतं एकदम तयार होतात आणि कारखाना काही शेतं तशीच सोडून देतो. अशा सोडलेल्या क्षेत्राला काय मिळणार, याचं कलम तिथल्या करारांत घालण्याचा प्रघात आहे, आणि ते लागतंच, कारण कारखान्याचं यंत्र बंद पडलं म्हणून सोडलेल्या शेताला तिथला सरकारी पीकविमाही पैसे देत नाही. तुम्ही पुढच्या हंगामात एवढी ओळ मागा: ‘ठरलेल्या तोड्याच्या दिवशी गाडी न आल्यास त्या तोड्याचे मागील तीन तोड्यांच्या सरासरी वजनाइतके पैसे कंपनी देईल.’ तुम्ही बचत गट आहात, एकेकट्या नाही. सगळ्यांनी मिळून मागितलं तर ऐकतात, हे मी पाहिलं आहे.

प्रश्न : कारल्याचं बी कंपनीनेच दिलं. वेल जोमात चढले, पण निम्मी फळं आखूड आणि पांढरट आली. कंपनी म्हणते हा माल करारातल्या जातीचा नाही, घेणार नाही. आणि बियाण्याचे पैसे मात्र मागते. — एक वाचक, ता. लांजा

उत्तर : बी त्यांचं असेल तर जात वेगळी निघाल्याचा जाब त्यांनी द्यायचा. वेल उपटण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. बियाण्याच्या तक्रारींसाठी तालुक्याची समिती असते, ती शेतावर येऊन पाहणी करते आणि अहवाल देते. पाकीट, त्यावरचं लेबल आणि लॉट नंबर, बी उरलं असेल तर चिमूटभर बी, हे सगळं एका पिशवीत ठेवा. बी उरलं नसेल तरी घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात म्हटलं आहे की, शेतकरी सगळं बी पेरतो, त्याने तपासणीसाठी काही बाजूला काढून ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. त्याच निकालातली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पीक परत कंपनीलाच विकायचा करार असला तरी बी घेणारा शेतकरी ‘ग्राहक’च राहतो. त्यामुळे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

प्रश्न : काकडीचा करार आहे. वानरांनी एका दुपारी अर्धा मळा उद्ध्वस्त केला. ही नैसर्गिक आपत्ती धरतात का? — संगमेश्वर तालुक्यातून

उत्तर : करारात लिहिलं असेल तरच धरता येईल, आणि मी पाहिलेल्या छापील करारांत ते नसतं. पूर, वादळ, भूकंप, युद्ध असतं. वानर कुठल्याच यादीत नसतो, कारण या याद्या लिहिणाऱ्याने कोकणातला मळा पाहिलेला नसतो. कलम ५६ वर उभं राहायचं तर कंपनी म्हणेल, तुमच्या गावात वानर रोजचेच आहेत, ते गृहीत धरूनच तुम्ही करार केलात. हा युक्तिवाद तकलादू नाही. म्हणून सही करण्याआधी ‘वानर, माकड, रानडुक्कर, गवा यांनी केलेले नुकसान’ एवढे शब्द हाताने घालून दोन्ही पक्षांनी बाजूला सही करावी. आत्तापुरतं वनविभागाकडे जा. माकड, रानडुक्कर, गवा यांनी केलेल्या पीकहानीसाठी राज्य सरकारची मदत आहे, पण तक्रार तीन दिवसांत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपालांकडे पोचायला लागते. दुपारी घडलं तर संध्याकाळी फोटो काढा, दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. पंचनाम्याची नक्कल कंपनीलाही पाठवा. दंडातून सुटका होईलच असं नाही, पण तडजोडीला बसताना हातात काहीतरी असेल.

प्रश्न : आमचा सातबारा सामाईक. आजोबांच्या नावानंतर सात नावं लागली आहेत, पाच जण मुंबईला. मळा मीच करतो, करारावर सही माझी एकट्याची. करार करताना कंपनीने दोन कोरे चेक सही करून घेतले. पावसाने लाल माठ, मुळा, मिरची सगळं गेलं. पंचनाम्याचे पैसे कुणाला मिळणार? आणि आता बँकेचा मेसेज आला आहे की चेक परत गेला. — एक तरुण शेतकरी, ता. मालवण

उत्तर : भाऊ, पंचनाम्याची मदत सातबारावरच्या खातेदारांच्या नावाने निघते. मुंबईच्या पाच जणांकडून संमतीपत्र घ्या की मळा तुम्ही करता आणि मदत तुमच्या खात्यात जमा करायला त्यांची हरकत नाही. गणपतीला सगळे येतीलच, पण तोवर थांबू नका, नोटरी करून पाठवायला सांगा. ई-पीक पाहणीत भाजी नोंदवली होती का तेही पाहा. सातबारावर त्या हंगामात ‘पड’ दिसत असेल तर पंचनाम्यालाच अडचण येते. आंबा-काजूच्या हवामानाधारित फळपीक विम्याची सवय असल्याने बरेच जण धरून चालतात की भाजीलाही काहीतरी विमा असेलच. पंतप्रधान पीकविमा फक्त त्या तालुक्यात अधिसूचित झालेल्या पिकांना लागू होतो. आपल्याकडे खरिपात त्यात भात आणि नाचणी असते. भाजी करणाऱ्याने तो विमा आपल्याला आहे असं समजू नये.

चेकचं जास्त तातडीचं आहे. चेक परत गेल्याचं बँकेने कंपनीला कळवल्यापासून ३० दिवसांत कंपनी तुम्हाला लेखी नोटीस पाठवू शकते, आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला तुम्हाला १५ दिवस असतात. त्यानंतर एका महिन्यात ती परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करू शकते. सही तुमची असली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा आधी गृहीत धरतो, रक्कम दुसऱ्याने भरलेली असली तरी. तसं नव्हतं हे दाखवणं तुमच्यावर येतं. दाखवता येतं. चेक तारण म्हणून दिला होता, तो बँकेत घातला त्या दिवशी एवढी रक्कम देणं नव्हतंच, हे करार, वजनपावत्या, उचलीचा हिशेब आणि पंचनामा यांवरून मांडायचं. उचलीचे पैसे खरोखर बाकी असतील तर तेवढेच आणि हिशेबासकट देऊ करा. दंडाची रक्कम चेकवर भरली असेल तर ती ठळकपणे नाकारा.

नोटीस आली की पोस्टमनला परत पाठवू नका. घेतली नाही तरी ती मिळाली असंच धरलं जातं आणि पंधरा दिवस तसेच निघून जातात. घ्या, पाकिटावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. वकिलाची फी झेपत नसेल तर मालवणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. जाताना करार, दोन्ही चेकांची चेकबुकात राहिलेली अर्धुकं, वजनपावत्या आणि बँकेचा मेसेज आलेला फोन सोबत न्या. दुसरा कोरा चेक अजून कंपनीकडेच आहे ना? तो परत मागणारं पत्र आजच टाका, आणि त्यात चेकचा नंबर लिहा.